'त्रागा' : एका शब्दाचा अर्थापकर्ष

(१)

दुखावलेल्या माणसाच्या रागासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. राग, संताप, चीड, रुसवा, फुगवा, वैताग, तडफड असे अनेक शब्द एकमेकांच्या शेजारी नांदतात, आणि कोशांमध्ये ते पुष्कळदा एकमेकांचे अर्थ सांगण्यासाठीच वापरलेले दिसतात. या शब्दसमूहात 'त्रागा' हा शब्द मात्र वेगळा पडतो. त्याचा वेगळेपणा प्रथम जाणवतो तो त्याच्या क्रियापदांमुळे. राग येतो, चीड येते, संताप होतो. राग आवरता येतो, गिळताही येतो. रुसवा धरला जातो आणि दुसऱ्या कोणीतरी तो काढायचा असतो. त्रागा मात्र कधी 'येत' नाही. तो करावा लागतो. 'मला त्रागा आला' असे मराठी माणूस म्हणत नाही. 'उगाच त्रागा करू नकोस' असे म्हणतो. त्रागा गिळता येत नाही आणि तो कोणी काढायलाही येत नाही. शिवाय 'जिवाचा त्रागा करून घेणे' असाही एक प्रयोग आहे. त्यातील 'करून घेणे' हे आत्मगामी रूप अर्थपूर्ण आहे. या क्रियेचा आघात कर्त्याच्याच अंगावर येतो, हे या रूपातून भाषेने नोंदवून ठेवले आहे.

व्याकरणाच्या या साक्षीवरून एक अनुमान निघते. राग, चीड, संताप ही भावनांची नावे आहेत. त्रागा हे मुळात कृतीचे नाव आहे. आज त्याचा अर्थ चिडचिड, आदळआपट, अगतिक संताप असा भावनेकडे झुकलेला असला, तरी 'करणे' हे क्रियापद त्याला सुटलेले नाही. ही कृती कोणती होती आणि तिची अवस्था पोकळ आदळआपटीपर्यंत कशी आली, हा या शब्दाचा इतिहास आहे. तो केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचा विषय नाही. दुर्बलाच्या रागाला समाज कोणते नाव देतो आणि त्या नावातच त्याचा निकाल कसा लावून टाकतो, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

(२)

संस्कृत काव्यशास्त्राने दुखावलेपणातून उपजणाऱ्या रागाचा विचार दोन ठिकाणी केलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सातव्या अध्यायात ज्या तेहतीस व्यभिचारी भावांचे विवरण येते, त्यांत 'अमर्ष' आहे. विद्या, ऐश्वर्य, शौर्य किंवा बळ यांनी अधिक असलेल्यांकडून ज्याचा अधिक्षेप वा अपमान झाला त्याच्या ठिकाणी अमर्ष उत्पन्न होतो, असे भरताचे प्रतिपादन आहे. मस्तक हलवणे, घाम येणे, अधोमुख होऊन चिंतन करणे, निश्चय करणे आणि उपाय व साहाय्य यांचा शोध घेणे हे त्याचे अनुभाव होत. यातील पहिली अट आणि शेवटचा अनुभाव यांचा संबंध ध्यानात घेण्यासारखा आहे. अपमान करणारा वरचढ आहे, म्हणून प्रतिकार तत्काळ होऊ शकत नाही. परंतु उपाय आणि सहायक शोधता येतात, म्हणून तो पुढे केव्हातरी होणार आहे. भट्टनारायणाच्या वेणीसंहारातील द्रौपदी आणि भीम हे अमर्षाचे ठळक उदाहरण. मोकळे केस ही तेथे प्रतीक्षेची खूण असते, आणि नाटकाच्या अखेरीस ती प्रतीक्षा फळाला येते.

दुसरे ठिकाण म्हणजे विप्रलंभ शृंगारातील 'मान'. प्रणयमान आणि ईर्ष्यामान असे त्याचे दोन प्रकार मानले जातात, आणि मान दूर करण्यासाठी साम, भेद, दान, नती, उपेक्षा व रसांतर असे सहा उपाय सांगितले जातात. उपायांची अशी यादी करता येते याचाच अर्थ असा की, मान करणाऱ्या व्यक्तीची समजूत घालायला कोणीतरी बांधलेले आहे. मराठीतील 'रुसवा' हा या मानाचा घरगुती वंशज. ज्याला आपले मोल ठाऊक असते तोच रुसतो.

त्रागा या दोहोंत बसत नाही. अमर्षी माणसाजवळ उपाय असतो, मानिनीजवळ तिची मनधरणी करणारा असतो. ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत, किंवा दोन्ही संपले आहेत, त्याच्या हाती एकच साधन उरते, आणि ते म्हणजे त्याचा स्वतःचा देह. अपमान वा अन्याय वरचढाने केला आहे, ही अमर्षाची अट त्राग्यालाही लागू पडते; फक्त शस्त्राचे टोक उलट फिरलेले असते. काव्यशास्त्राच्या तेहतीस घरांत या अवस्थेला स्वतंत्र घर मिळाले नाही. तिची नोंद झाली ती काव्यशास्त्राबाहेर, रूढी आणि कायदा यांच्या दप्तरांत.

(३)

या शब्दाची व्युत्पत्ती कोशकारांना हुलकावणी देत आलेली आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशात तो आहे. होरेस हेमन विल्सन यांनी महसुली व न्यायव्यवहारातील शब्दांच्या १८५५ च्या कोशात त्याच्याविषयी शंका नोंदवली. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशाची विल्यम क्रूक यांनी संपादित केलेली आवृत्ती १९०३ मध्ये निघाली. तिच्यात ग्रिअर्सन यांचे मत दिलेले आहे. रक्षण करणे या अर्थाच्या 'त्रै' धातूशी संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु शेवटच्या 'गा'ची उपपत्ती लागत नाही, असा त्यांचा अभिप्राय. मराठी वाचकाला 'त्रास' हा शब्द जवळचा वाटण्याचा संभव आहे, पण त्यानेही 'गा'ची अडचण सुटत नाही. तेव्हा या शब्दाचा इतिहास धातूत शोधण्यापेक्षा वापरात शोधणे श्रेयस्कर ठरते, आणि वापराचा माग गुजरात-काठेवाडात जातो. तेथे या शब्दाचे रूप 'त्रागुं' असे आहे.

काठेवाड, गुजरात आणि राजस्थान या प्रदेशांत भाट आणि चारण यांना एक विशिष्ट स्थान होते. ते वंशावळी राखणारे आणि कवित्व करणारे तर होतेच. त्याखेरीज ते जामीनही राहत. दोन ठाकुरांमधला करार, सावकाराचे कर्ज, वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाची सुरक्षितता यांस भाट वा चारण हमी देई. त्याच्याजवळ सैन्य नसे, बहुधा फारशी मालमत्ताही नसे. त्याच्या हमीला मोल असे ते त्याच्या देहाला चिकटलेल्या पावित्र्यामुळे. करार मोडला गेला तर तो कसूरदाराच्या दाराशी जाई आणि स्वतःच्या अंगावर कट्यारीचे वार करून घेई. प्रसंगी गळा चिरून प्राण देई. प्रसंगी आपल्या वृद्ध आईचा किंवा पोटच्या मुलाचाही बळी देई. सांडलेल्या रक्ताचे पाप ज्याच्यामुळे ते सांडले त्याच्या माथी बसते, ही श्रद्धा दोन्ही पक्षांना मान्य असे. या कृतीचे नाव त्रागा.

अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांनी कवी दलपतराम यांच्या साहाय्याने मिळवलेल्या साधनांवर 'रासमाला' हा गुजरातचा इतिहास सिद्ध केला. १८५६ मध्ये लंडनला प्रकाशित झालेल्या या ग्रंथात भाट-चारणांच्या या रूढीचे वर्णन आहे. सौराष्ट्राच्या गावशिवेवर जे स्मृतिपाषाण, म्हणजे पाळिया, उभे आहेत, त्यांत लढाईत पडलेल्या वीरांच्या बरोबरीने त्रागा करून मेलेल्यांचेही पाळिया आढळतात. ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्या समाजाच्या लेखी त्रागा करणारा हा वीराच्या पंक्तीतला होता. मारवाडात १५८६ मध्ये मोटा राजा उदयसिंग याने चारणांच्या जमिनी जप्त केल्या, तेव्हा आउवा येथे धरणे धरून अनेक चारणांनी प्राण दिले. चारणी परंपरेत ही घटना पराभवाची म्हणून सांगितली जात नाही, सामूहिक पराक्रमाची म्हणून सांगितली जाते.

अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजा मुलूखगिरीसाठी काठेवाडात वर्षानुवर्षे जात होत्या आणि खंडणीच्या व्यवहारात जामीनकी ही नित्याची बाब होती. मराठी कारभारी आणि शिलेदार यांचा या रूढीशी संबंध आला तो असा, व्यवहाराच्या उंबऱ्यावर. १८०७-०८ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर यांनी काठेवाडच्या संस्थानिकांच्या खंडण्या कायमच्या ठरवून दिल्या. त्यानंतर कंपनीची हमी ही भाटाच्या हमीहून मोठी झाली, आणि भाटाच्या रक्ताची बाजारातली पत उतरू लागली.

(४)

त्राग्याची सौम्य बहीण म्हणजे धरणे. तिचे कुळ अधिक प्राचीन आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात चित्रकूटावर भरत रामाला परतण्याची विनवणी करतो, आणि राम ऐकत नाही असे पाहून तो सुमंत्राला पर्णकुटीच्या दाराशी दर्भ पसरायला सांगतो. धनाला मुकलेला ब्राह्मण जसा ऋणकोच्या दारी पडून राहतो तसा, राम प्रसन्न होईपर्यंत, आपण पडून राहणार, असे तो म्हणतो. रामाचे उत्तर मार्मिक आहे. असा अडवणुकीचा अधिकार ब्राह्मणाला आहे, क्षत्रियाला हा विधी नाही, असे तो भरताला सांगतो. रामाचा आक्षेप कृतीच्या क्रौर्यावर नाही, तो कर्त्याच्या अधिकारावर आहे. स्वतःला क्लेश देऊन दुसऱ्यास बांधून घेणे हा कोणीही करावा असा उद्वेगाचा उद्रेक मानला जात नव्हता. तो विशिष्ट वर्गाचा हक्क होता आणि त्याची रीत ठरलेली होती.

मराठ्यांच्या छावण्यांत धरणे हे थकलेला पगार वसूल करण्याचे परिचित साधन होते. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत त्याचा वृत्तांत दिला आहे. सर हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये संस्थांच्या प्राचीन इतिहासावरील व्याख्यानांत धरण्याची तुलना प्राचीन आयर्लंडमधील कायद्याशी केली. तेथेही धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी बसे. मेन यांना या साम्यात मानवी विधिव्यवस्थेच्या बाल्यावस्थेचा अवशेष दिसला. अवशेष ठरवणे हीही एक राजकीय कृतीच होती, कारण त्या वेळी धरणे हा हिंदुस्थानात गुन्हा ठरून बरीच वर्षे लोटली होती.

बनारस प्रांतासाठी कंपनी सरकारने १७९५ चा एकविसावा विनियम केला. ब्राह्मणांनी धरणे धरणे, आणि सरकारी मागणी टाळण्यासाठी आपल्या घरच्या स्त्रिया वा मुले यांना जखमी करणे किंवा मारणे, यांना त्याने बंदी घातली. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ५०८ आले. दुसरा दैवी कोपास पात्र होईल असे त्याला भासवून त्याच्याकडून काही करवून घेणे हा त्या कलमाने गुन्हा ठरवला. कलमाखाली दोन उदाहरणे होती. पहिले दाराशी धरणे धरून बसणाऱ्याचे. दुसरे, अमुक गोष्ट केली नाहीस तर मी माझेच मूल मारीन, अशी धमकी देणाऱ्याचे. भाटाचा त्रागा आपल्या सर्व अंगांनिशी या दुसऱ्या उदाहरणात उतरलेला आहे. फक्त त्याचे नाव तेथे नाही.

कायद्याने जे केले ते नुसत्या बंदीपेक्षा खोल होते. त्रागा तीन पक्षांवर उभा होता. एक दुखावलेला, एक कसूरदार, आणि एक साक्षी, मग तो देव असो वा गाव. कायद्याने साक्षीदाराची जागा न्यायालयाला दिली. ज्याला दाद हवी त्याने फिर्याद करावी; फिर्याद सोडून जो स्वतःच्या अंगाला इजा करतो तो आता हक्क बजावणारा राहिला नाही. तो एक तर गुन्हेगार ठरला, नाही तर तोल सुटलेला माणूस. अर्थापकर्षाची कळ येथे आहे. कृतीमागची संस्था गेली, तिच्यावरची श्रद्धा गेली, आणि शब्दाच्या हाती उरला तो केवळ आविर्भाव. ज्याच्या मरणाची किंमत समोरच्याला मोजावी लागत नाही, त्याने कितीही जीव टाकला तरी तो 'त्रागा करतो आहे' एवढेच म्हटले जाते. 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये याची एक वेगळी छटा सापडते. १८८५ मध्ये खार्टूम येथे जनरल गॉर्डन मारला गेला. त्याला वाऱ्यावर सोडणाऱ्यांवर सूड उगवणारा हा एक प्रकारचा त्रागाच होता, असे तेव्हाच्या काही वृत्तपत्रांच्या सुरावरून वाटते, अशी टिप्पणी कोशकाराने केली आहे. साम्राज्याच्या नायकाच्या वाट्याला हा शब्द आला तो त्याच्या जुन्या, गंभीर अर्थाने. प्रजेच्या वाट्याला त्याचा उतरलेला अर्थ आला.

(५)

ज्या काठेवाडात त्रागुं ही संस्था होती, तेथेच १८६९ मध्ये गांधींचा जन्म झाला, हा योगायोग नुसता भौगोलिक नाही. उपवासाचे शस्त्र वापरताना ते सत्याग्रह आहे की अडवणूक, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच वारंवार पडलेला दिसतो. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपातील उपवास सदोष होता, गिरणीमालकांशी असलेल्या स्नेहामुळे त्यांच्यावर त्याचे दडपण आले, हे त्यांनी आत्मकथेत मान्य केले. १९३९ मध्ये राजकोटच्या उपवासानंतर ग्वायर यांचा निवाडा त्यांच्या बाजूने लागला, तरी आपल्या कृतीत बळजोरी होती असे ठरवून त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात त्या निवाड्याचा लाभ सोडून दिला. या दोन प्रसंगांच्या मधे १९३२ चा येरवड्याचा उपवास येतो. त्याची परिणती २४ सप्टेंबरच्या पुणे करारात झाली. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या उपवासावर अत्यंत कठोर टीका केली. त्यांच्या दृष्टीने हा उपवास निराधार जनतेला तिच्या घटनात्मक संरक्षणापासून वंचित करणारा होता. येथे त्राग्याची जुनी रचना उलटी झालेली दिसते. भाटाचा त्रागा वरचढाच्या दाराशी होई; ज्याच्या मरणाला सर्वाधिक किंमत आहे अशा माणसाने दुर्बलांपुढे प्राण पणाला लावले तर पापाचे ओझे दुर्बलाच्या माथी येते. उपवासाचे नैतिक मूल्य उपवास करणाऱ्याच्या शुद्धतेवरून ठरवावे की तो कोणाच्या दाराशी केला यावरून, हा वाद या शब्दाच्या इतिहासाने अधिक स्पष्ट होतो.

मराठी साहित्यात त्राग्याची सर्वांत समर्थ रचना राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'त आढळते. सुधाकराचा भर कोर्टात अपमान होतो, त्याची सनद तहकूब होते, आणि तो तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो. रूढ समीक्षेने या नाटकाकडे मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवणारी शोकांतिका म्हणून पाहिले आणि सुधाकराच्या अधःपाताचे कारण पुरेसे आहे की नाही, यावर पुष्कळ चर्चा केली. एका अपमानाने असा बुद्धिमान माणूस इतका कोसळेल काय, हा आक्षेप अमर्षाच्या कल्पनेतून येतो. सुधाकराने उपाय आणि सहायक शोधायला हवे होते, असे त्यात गृहीत आहे. परंतु सुधाकराची कृती त्राग्याची आहे. वरचढाने केलेल्या अपमानाला तो स्वतःच्या देहावर उत्तर देतो. आणि जुन्या त्राग्यात भाटाची कट्यार जशी आई वा मुलाकडे वळे, तशी येथे ती सिंधू आणि तान्ह्या मुलाकडे वळते. शेवटच्या प्याल्यात विष घालून तो जेव्हा स्वतःचा अंत करतो, तेव्हा त्राग्याचे वर्तुळ पुरे होते. फरक एवढाच, आणि शोकांतिका याच फरकात आहे, की ज्याच्या दाराशी हे रक्त सांडावयाचे त्या न्यायासनाला त्याची खबरही नाही. साक्षी नसलेला त्रागा हाच सुधाकराच्या आयुष्याचा आकार आहे.

(६)

आज 'त्रागा' हा शब्द मुख्यतः बायका, मुले, वृद्ध आणि राजकारणात हरलेली माणसे यांच्यासाठी वापरला जातो. मालक नोकरावर त्रागा करतो असे सहसा कोणी म्हणत नाही, तो रागावतो. शब्दाच्या वाटणीत सत्तेची वाटणी दिसते. राग हा वरून खाली येतो आणि त्याला कारण असल्याचे मानले जाते. त्रागा खालून वर जातो आणि त्याला कारण विचारले जात नाही. 'हा निव्वळ त्रागा आहे' या वाक्याने चर्चा सुरू होत नाही, संपते. दलित साहित्याच्या आरंभीच्या काळात त्याच्या भाषेवर आक्रस्ताळेपणाचा जो आरोप झाला, त्याची घडण हीच होती. त्या साहित्याने स्वतःसाठी 'नकार' आणि 'विद्रोह' हे शब्द निवडले, यामागे ही भाषिक जाण होती. त्रागा स्वतःला दुखावून दुसऱ्याच्या सदसद्‍विवेकाला साद घालतो. नकाराला त्या विवेकाचा भरवसा उरलेला नसतो, आणि स्वतःचा देह पणाला लावायची त्याची तयारीही नसते.

कायद्याने मात्र त्रागा अजून विसरलेला नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यात दैवी कोपाचे कलम ३५४ या क्रमांकाने कायम आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ गळाले. त्याऐवजी कलम २२६ आले, आणि लोकसेवकाला त्याचे कायदेशीर काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा त्याने गुन्हा ठरवला. कार्यालयाच्या दाराशी देह पणाला लावणारा माणूस हा राज्यसंस्थेला आजही केवळ तोल सुटलेला वाटत नाही. तिला त्याची दखल घ्यावी लागते. शब्दकोशात ज्याचा अर्थ आदळआपट एवढाच उरला, त्याचा जुना अर्थ विधिसंहितेत असा जिवंत आहे.

त्यावरून त्राग्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्याच्या इतिहासात मारल्या गेलेल्या वृद्धा आणि मुले आहेत, आणि त्यांची संमती कोणी घेतल्याची नोंद नाही. समीक्षेपुरते एवढेच म्हणता येते की, एखाद्या पात्राच्या, स्त्रीच्या किंवा समूहाच्या रागाला त्रागा म्हणण्यापूर्वी तीन गोष्टी पाहणे आवश्यक ठरते : त्याच्यापाशी दुसरा उपाय होता काय, तो कोणाच्या दाराशी केला गेला, आणि त्याला साक्षी कोण होते. या प्रश्नांची उत्तरे मिळाली की 'त्रागा' ही दूषणाची संज्ञा राहत नाही, ती वर्णनाची संज्ञा होते. काव्यशास्त्राने जिला जागा दिली नाही त्या अवस्थेला मराठीने एक शब्द देऊन ठेवला आहे. तो त्याच्या पूर्ण अर्थाने वापरणे एवढे काम समीक्षेकडे उरते.